येसूचा डावा डोळा

“पेशंटचं वय काय?” मी विचारलं.

“आठ-नऊ वर्षं असेल, मॅडम. नक्की नाही सांगता येणार.”

“मुलगा की मुलगी?”

“मुलगी. येसू म्हणतो आम्ही तिला.”

डॉ. इरफान मुजावर माझ्यासमोर बसले होते. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मी महिन्यापूर्वी केलं होतं आणि ते तिला तपासणीला घेऊन आले होते. आईचं सगळं ठीक होतं. उठता उठता त्यांनी हा दुसरा विषय काढला.

“दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गेल्या वर्षी विजेच्या तारेला चिकटली होती. हात भाजला होता, तो बरा झाला. पण मग हळूहळू डोळे पांढरे व्हायला लागले. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो तिला.”

विजेचा धक्का बसल्यावर काही महिन्यांनी असा मोतीबिंदू होऊ शकतो. मी पॅड पुढे ओढलं. “लहान मुलीला पूर्ण भूल द्यावी लागेल. आई-वडिलांना घेऊन या.”

“आई-वडील कुठे आहेत, कुणालाच माहीत नाही. भूल मी देईन.”

“तुम्ही?” मी पेन खाली ठेवलं. “मुजावर, तुम्ही जनावरांचे डॉक्टर आहात.”

“हो ना,” ते टेबलाकडे बघत म्हणाले. “म्हणूनच.”

त्यांच्या आईला हसू आवरेना. “अवो बाई, माकडीण हाय ती! सरळ सांगायला लाजतोय.”

या गोष्टीला आता सोळा-सतरा वर्षं झाली. तेव्हा कोल्हापुरात माझा स्वतःचा दवाखाना होता आणि मोतीबिंदूसाठी गावोगावची माणसं माझं नाव विचारत येत. माकडाच्या डोळ्याला मी कधी हात लावला नव्हता आणि लावायची इच्छाही नव्हती. तसं मी स्पष्ट सांगितलं. मुजावर म्हणाले, “ऑपरेशन नका करू. नुसतं एकदा बघायला या.” नुसतं बघायला म्हणून गेलेला माणूस तिथे अडकतोच, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

पुढच्या रविवारी मी गेले. गगनबावड्याच्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या कुशीत त्यांचं केंद्र होतं. माणसांच्या तावडीतून सोडवलेली माकडं तिथे ठेवत आणि ती रानात राहण्याजोगी झाली की सोडून देत. मी पिंजरे असतील असं समजून गेले होते. तिथे बघते तर अख्खीच्या अख्खी झाडं जाळीच्या आत घेतलेली. आंबा, जांभूळ, उंबर, मध्ये दोरांचे झोके आणि खाली वाढू दिलेलं गवत.

“आत गेल्यावर बोलायचं नाही,” मुजावर म्हणाले. “आणि हसायचं तर अजिबात नाही. दात दाखवले की त्यांना ती धमकी वाटते.”

त्यांनी मला गोणपाटाचा एक सैल झगा दिला आणि तोंड झाकायला फडकं. तसाच झगा घातलेली एक बाई फाटकापाशी उभी होती. पन्नाशीची असावी. उंच, काटक, डोळे तेवढे दिसत होते.

“या सगुणाआक्का. वरच्या धनगरवाड्यावरच्या. केंद्र सुरू झालं तेव्हापासून आहेत. खरं केंद्र यांचंच.”

“काय बी सांगत्यात,” त्या फडक्याआडून म्हणाल्या आणि चालू लागल्या.

त्या दिवशी मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. एका जाळीत मदाऱ्याकडून सोडवलेली माकडं होती. त्यांच्या गळ्याभोवती साखळीचे वळ होते आणि केस पुन्हा उगवलेच नव्हते. आल्या आल्या ती म्हणे दोन पायांवर उभी राहून सलाम करत. झाड म्हणजे काय हेच त्यांना माहीत नव्हतं. खालच्या फांदीवर चढायला एकाला महिना लागला होता. आता तेच माकड शेंड्यावर बसून उंबर खात होतं. या लोकांनी त्यांना हाताने भरवलं नव्हतं, गोंजारलं नव्हतं की हाका मारल्या नव्हत्या. खाणं नळीतून आत सोडायचं, तेही रोज वेगळ्या जागी, म्हणजे शोधावं लागेल. माणसाचा चेहरा दिसू द्यायचा नाही. त्यांनी आपल्याला विसरावं म्हणून ही माणसं उन्हातान्हात राबत होती.

येसू मोठ्या जाळीत होती. तिथे कळपच तयार केला होता. पंधरा-वीस माकडं असतील, बहुतेक पोरवयाची, आईविना आलेली. येसू जांभळाच्या बेचक्यात बसली होती. लाल तोंड, डाव्या दंडावर भाजल्याचा चट्टा, डोळ्यांत दुधाचे दोन थेंब गोठल्यासारखे मोतीबिंदू. दोन-तीन पोरं तिला चिकटून होती. एकाच्या डोक्यातले केस ती बोटांनी चाचपून साफ करत होती. काही दिसत नसताना.

ती उठली, दोर चाचपला, दोरावरून पलीकडच्या झाडावर गेली, हात पुढे करून नेमकी फांदी धरली. ही आंधळी आहे असं कुणी सांगितलं नसतं तर मला पटलं नसतं. सगळी जाळी तिने पाठ केली होती.

मग ती वळली आणि तिच्या पोटाशी लटकलेलं पिल्लू मला दिसलं. लांबलचक शेपूट, करडं अंग आणि तोंड कोळशासारखं काळं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, “ते वानराचं पिल्लू आहे ना?”

“हो,” मुजावर म्हणाले. “त्याची आई घाटात गाडीखाली गेली. आक्कांनी त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. पण माणसाच्या अंगावर वाढलं असतं तर जन्मभर पिंजऱ्यातच राहिलं असतं. म्हणून एक दिवस धीर करून येसूसमोर ठेवलं. तिने उचललं ते उचललंच. दूध तेवढं आक्का जाळीतून बाटलीने पाजतात.”

“आन् आता ह्येंच्या डोक्यात आलंय, तिला डोळं द्यायचं,” सगुणाआक्का म्हणाल्या.

त्यांनी फडकं सोडलं होतं. चेहरा रागावलेला नव्हता, पण कडक होता. आम्ही त्यांच्या खोपीत चहाला बसलो.

“बाई, तुम्ही मोठ्या डाक्टर. पन मी इचारते. तिला दिसत न्हाई म्हनून तिनं वांदराचं पोर घेतलं. तिला वाटतंय आपल्यातलंच हाय. उद्या तुम्ही पट्टी काडली, तिनं ह्ये काळं तोंड बघितलं, आन् दिलं फेकून, मग? चावली म्हंजी?”

मी मुजावरांकडे पाहिलं. ते कपातल्या चहाकडे बघत होते.

“शक्यता आहे,” ते म्हणाले. “माकड आणि वानर एकमेकांची पिल्लं सहसा घेत नाहीत.”

“मग कशापायी करायचं?”

“आक्का, हा कळप पावसाळ्यानंतर सोडायचाय. ही सगळी पोरं तिच्या मागून चालतात. आंधळी येसू जंगलात दोन दिवस टिकणार नाही. तिला मागे ठेवलं तर कळप फुटेल आणि ती जन्मभर जाळीत बसेल.”

“आन् बुक्का?”

पिल्लाचं नाव बुक्का होतं. मुजावरांनी कप खाली ठेवला. सगुणाआक्काच म्हणाल्या, “तिनं टाकलं तर पुन्यांदा माज्याच वटीत येनार. मी काय, वाढवीन. पन एवढ्यात मला इसरलंय ते. बाटली संपली की वळून बघत न्हाई. येवढं करायला माजा जीव अर्धा झाला.”

त्या माझ्याकडे वळल्या. “तुमी सांगा.”

वीस वर्षं मी लोकांना दृष्टी देत आले होते. दृष्टी आल्याने कुणाचं काही हिरावलं जाईल, असा प्रश्नच माझ्यासमोर कधी आला नव्हता. शिवाय विजेच्या धक्क्याने डोळ्यामागचा पडदा जळला असला तर ऑपरेशन करूनही उपयोग नव्हता, आणि मोतीबिंदू काढल्याशिवाय पडदा दिसणार नव्हता. तेवढंच मी सांगितलं. सगुणाआक्का उठल्या आणि बुक्काची बाटली घेऊन निघाल्या. मीही मागून गेले.

आदल्या दिवशी वारा सुटला होता आणि उंबराची एक फांदी मोडून पडली होती. येसूला ते कोण सांगणार? ती नेहमीच्या वाटेने निघाली, पिल्लू पोटाशी. दोराच्या टोकाला आली आणि तिने झेप घेतली, ज्या जागी ती फांदी रोज असायची तिथे.

पडणारं माकड हाताला लागेल ते धरतं. पानं, काटक्या, काहीही. येसूने काहीच धरलं नाही. फांदी नाही हे कळताक्षणी तिचे दोन्ही हात पिल्लाभोवती आवळले गेले आणि ती हवेतच वळली. धप्प आवाज झाला. ती पाठीवर पडली होती, पिल्लू छातीवर.

ओरडायचं नाही हा नियम. सगुणाआक्कांनी स्वतःच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबला. येसू क्षणभर तशीच पडून राहिली. मग उठून बसली आणि पिल्लाला डोक्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत चाचपू लागली. एकदा, मग पुन्हा एकदा. सगळं जागेवर आहे याची खात्री पटल्यावर मग तिने स्वतःचं खरचटलेलं कोपर चाटलं.

आम्ही परत आलो तेव्हा मुजावर गाडीपाशी उभे होते. सगुणाआक्का त्यांना एवढंच म्हणाल्या, “करा.”

ऑपरेशन केंद्रातल्याच खोलीत केलं, आधी एकाच डोळ्याचं. शिबिरांना आम्ही नेतो तो हलका मायक्रोस्कोप आणि बाकी सामान मी गाडीत घालून नेलं. मुजावरांनी भूल दिली. हिरव्या कापडाच्या भोकातून फक्त डावा डोळा दिसायला लागला आणि मी गोंधळून गेले. तो माणसाचा डोळा होता! आकाराने जरा लहान, पण तसाच. एरवी ऑपरेशन करताना मी पेशंटशी बोलत असते, “आता थोडा गारवा लागेल हं.” तशी मी बोलायलाही लागले होते. मुजावरांनी चमकून पाहिलं आणि पुन्हा भुलीकडे लक्ष दिलं.

मोतीबिंदू मऊ होता, सहज निघाला. लहान मुलांना बसवतात तसं जास्त नंबरचं भिंग बसवलं. मग मी आत डोकावले. पडदा स्वच्छ होता. गुलाबी, निरोगी.

“दिसेल,” मी म्हणाले. मुजावरांनी हातातल्या, श्वास देण्याच्या फुग्याकडे बघत मान हलवली. त्यांचे डोळे भरले होते, पण भूल देणाऱ्याला डोळे पुसायला हात मोकळा नसतो.

खरी अडचण पुढे होती. माणसाला सांगता येतं, डोळा चोळू नका. येसूला कोण सांगणार? पापण्या काही दिवसांसाठी टाक्याने मिटून ठेवल्या, तरी नखं होतीच. हात बांधले तर ती घाबरून डोकं आपटून घेईल.

“हातांना काम दिलं पाहिजे,” मुजावर म्हणाले आणि सगुणाआक्कांकडे पाहिलं.

येसू शुद्धीवर येऊ लागली तसा तिचा हात चेहऱ्याकडे जायला लागला. सगुणाआक्कांनी दाराच्या फटीतून बुक्काला आत सोडलं. ते चिरकत धावलं आणि तिच्या पोटाला चिकटलं. वर गेलेला हात खाली आला आणि त्याच्या पाठीवर स्थिरावला. दुसराही. पुढचे सगळे दिवस ते हात तिथेच राहिले. मी रोज फोन करून विचारायचे आणि मुजावर रोज एकच सांगायचे, “हात बिझी आहेत, मॅडम.”

पापण्यांचे टाके काढायला मी पुन्हा गेले. पट्टी काढण्याचा क्षण मला फार आवडतो. लोक पहिल्यांदा मलाच बघतात, हात धरतात, रडतात. इथे भूल उतरायच्या आत टाके काढून मला लगेच पळून गोणपाटाच्या पडद्यामागे जायचं होतं. पडद्याला तीन भोकं होती. एक मुजावरांचं, एक माझं, एक सगुणाआक्कांचं. बुक्का शेजारच्या छोट्या खोलीत बंद होता. त्याच्या दाराची दोरी मुजावरांच्या हातात होती आणि सगुणाआक्कांच्या हातात जाळं.

“तिनं धरलं तर मी आत शिरनार,” त्या कुजबुजल्या. “मला आडवायचं न्हाई.”

येसू हलली. उठून बसली. डोकं खाली घालून बराच वेळ नुसती बसून होती. मग तिने मान वर केली आणि जाळीतून येणाऱ्या उन्हाकडे पाहिलं, आणि दचकून मागे सरकली. स्वतःचा पंजा डोळ्यासमोर धरला. उलटा केला, सुलटा केला. जमिनीवर उन्हाचे कवडसे हलत होते, त्यातला एक तिने उचलायचा प्रयत्न केला. पडद्यामागे मी ओठ घट्ट मिटून घेतले. हसायचं नव्हतं.

मुजावरांनी दोरी ओढली.

बुक्का बाहेर आला आणि तिच्याकडे धावला. येसूने वळून पाहिलं. तिचे सगळे केस उभे राहिले. भुवया वर गेल्या, तोंड उघडलं, दात दिसले. घशातून एक घरघर निघाली. बुक्का जागच्या जागी थांबला. आपल्या आईला काय झालं हे त्याला कळेना. त्याने तोंड वासून आरोळी ठोकली, बारीक, लांबलचक.

सगुणाआक्का उठल्या. मुजावरांनी त्यांच्या समोर नुसता तळवा धरला. त्यांनी तो खाली घेतला नाही.

बुक्का पुन्हा ओरडला. येसूचं तोंड हळूहळू मिटलं. तिने मान फिरवली आणि भिंतीकडे पाहू लागली. पाठोपाठ, तिकडे बघतच, तिचा हात मागे आला. चाचपत, हवेत, नेहमीसारखा. बुक्काच्या कानाला लागला. कानावरून डोक्यावर गेला, पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, मग त्या लांबलचक शेपटीवरून थेट टोकापर्यंत.

मला एक म्हातारे पेशंट आठवले. बारा वर्षांनी दिसायला लागलं, तर घरी जाऊन उंबऱ्याशी अडखळले. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि सरळ आपल्या खाटेपर्यंत चालत गेले.

येसूने बुक्काला ओढून मांडीवर घेतलं आणि मग त्याच्याकडे पाहिलं. त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. तो काळा चेहरा ती बघत राहिली. इतकं जवळून, की तिचं नाक त्याच्या नाकाला लागलं. तिचं बोट त्याच्या डोळ्याकडे गेलं. सगुणाआक्कांनी माझं मनगट धरलं. त्याचे वळ मला दोन दिवस दिसत होते.

येसूने बुक्काच्या डोळ्याच्या कोपऱ्यातलं चिपड काढलं. निरखून पाहिलं आणि खाऊन टाकलं. मग दुसरा डोळा. मग भुवईतली गोचीड, जी इतके दिवस चाचपून तिच्या हाती लागली नव्हती. बुक्का कुरकुरायला लागला, सुटायला बघू लागला, तशी तिने त्याला एक चापटी दिली आणि पुन्हा हनुवटी धरली. कामच एवढं साचलं होतं!

सगुणाआक्का मटकन खाली बसल्या. पदर तोंडाला लावून त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. कदाचित त्यांनाही कळलं नसेल.

“मला वाटलं, तिला फसवलंय आपन,” बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या.

“मलाही वाटलं होतं,” मुजावर म्हणाले. “शेपूट रोज तिच्या हाताखालून जात होती, आक्का. वासही येत होता. तिला कधीचं माहीत असणार. फसलो होतो ते आपण.”

पुढे दोन महिन्यांनी मी तिचा उजवा डोळाही केला. त्या वेळी भुलीच्या इंजेक्शनआधी तिने मला नीट पाहून घेतलं आणि जाळीवर अशी झेपावली, की मी दोन पावलं मागे आले. मुजावर म्हणाले, “ओळखलं तुम्हाला.” मला त्याचा इतका आनंद झाला, की परत येताना गाडीत एकटीच हसत होते. तोंडावर फडकं नव्हतं, जवळपास माकड नव्हतं, काही हरकत नव्हती.

पावसाळा संपल्यावर कळप सोडला. मुजावरांनी मला बोलावलं. त्यानंतर दर दिवाळीनंतरचा आठवडा मी त्या केंद्राला देत आले. पुढे तिथे इतर प्राणीही येऊ लागले, तर घुबडांचे डोळे केले, एका अस्वलाचे केले. मुजावर आता निवृत्त झालेत, तरी आम्ही दोघं जातो. पण त्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, तर मला त्या सकाळचंच आठवतं. जंगलातल्या एका उतारावर पिंजरे ठेवले होते, आम्ही झुडपांमागे बसलो होतो आणि सगुणाआक्का आल्याच नव्हत्या.

“माझी चाल ती वळखत्यात, म्हणाल्या,” मुजावरांनी सांगितलं. “मी आले तर घुटमळतील.”

दारं वर गेली. पोरं गोंधळली, आत-बाहेर करू लागली. येसू बाहेर आली, थांबली, वरच्या झाडांकडे मान करून बघत राहिली. बुक्का आता एवढा मोठा झाला होता की पोटाशी मावत नव्हता. त्याची शेपूट जमिनीवर लोळत होती. तरी तो लटकलेला होताच. मग ती चढली, आणि तिच्या मागून सगळी पोरं एकेक करून गेली.

परतताना मी धनगरवाड्यावर गेले. सगुणाआक्का ओसरीवर करडांना पाला घालत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

“गेली?”

“गेली.”

“समदी?”

“सगळी. येसू पुढे होती.”

“आन् बुक्का?”

“पोटाशी.”

त्यांनी पाल्याची एक डहाळी मोडली, करडासमोर धरली.

“मागं वळून बघितलं का कुनी?”

खोटं बोलावं असं क्षणभर माझ्या मनात आलं. पण त्यांना काय ऐकायचं होतं, ते मला तोवर कळलं होतं.

“नाही, आक्का. एकानेही नाही.”

“ब्येस झालं,” त्या म्हणाल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच दात दाखवून, मोठ्याने हसताना पाहिलं.